शाळेच्या संगीत नाटकात भाग घ्यायचाय? निवडीची तयारी अशी करा

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा भरली की आपल्याकडे विदर्भात गॅदरिंगची कुजबुज सुरू होते. कुणी नाचात जातं, कुणी एकपात्रीत. ज्या शाळेत एखादे सर किंवा मॅडम हौशी असतात, तिथे संगीत नाटक बसतं. मग फळ्यावर सूचना येते : अमुक दिवशी मधल्या सुट्टीनंतर निवड आहे, एक गाणं तयार करून यावं. ती वाचून ज्यांना जावंसंही वाटतं आणि ज्यांच्या पोटात गोळाही येतो, त्या पाचवी ते नववीच्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. घरच्यांनीही वाचावं, शेवटी त्यांच्यासाठीही थोडं आहे.

मुलांची संगीत नाटकं बसवताना निवडीच्या टेबलामागे बसून काय पाहिलं जातं, ते आधी सांगते. वर्गात सगळ्यात गोड गळा कुणाचा, हे शिक्षकांना बहुतेक ठाऊकच असतं. त्यासाठी निवड घ्यावी लागत नाही. निवडीत पाहायचं असतं की हे मूल गाताना कुणाला तरी काही सांगतंय का, शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचतात का, सांगितलेलं ऐकून ते लगेच करून बघतं का, आणि महिनाभर तालमीला टिकेल का. या चारही गोष्टी तयारीने येतात.

आणि आम्हाला कुठे क्लास आहे, असं म्हणू नका. काकड्याला आजीच्या मांडीवर बसून म्हटलेलं भजन, भुलाबाईची गाणी, गावातली दंडार (नाच-गाण्याचं लोकनाट्य), रात्रभर पाहिलेलं झाडीपट्टीचं (पूर्व विदर्भातलं) नाटक, हे सगळं शिक्षणच आहे. संगीत नाटकाला लागतं ते बरंचसं त्यात आहे. ते निवडीत कसं वापरायचं, तेवढं शिकायचं आहे.

आधी नीट चौकशी करा

सूचना वाचली की त्याच दिवशी सर-मॅडमना भेटा. नाटक कशावर आहे? भूमिका कोणत्या, त्यातल्या गाणाऱ्या किती? गाणं आपल्या मनाचं म्हणायचं की ते देणार? साथीला पेटी-ढोलकी आहे की काहीच नाही? संवाद वाचायला लावणार का? नाच आहे का? तालीम शाळेच्या वेळेत की शाळा सुटल्यावर? विचारणाऱ्या मुलाचा राग कोणत्याच शिक्षकाला येत नाही. उलट नाव लक्षात राहतं.

भूमिकांबद्दल एक गोष्ट समजून घ्या. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक केलं, तेव्हा गाण्याचा भार सूत्रधार आणि त्याच्या साथीदारांवर होता. पात्रं मुख्यतः वावरायची आणि बोलायची. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी गाणी पात्रांच्या तोंडी दिली. शाळेच्या नाटकात आजही हे दोन्ही प्रकार सापडतात. काही नाटकांत सूत्रधार आणि बाजूला बसलेला गाणाऱ्यांचा गट सगळी गाणी म्हणतो, काहींत पात्र स्वतः गातं. गळा चांगला पण संवादाची भीती वाटते, अशांनी पहिल्या प्रकारात सूत्रधाराच्या गटासाठी जावं. अभिनय आवडतो पण सूर कधी कधी हलतो, अशांना त्याच नाटकात न गाणारं पात्र मिळू शकतं. दुसऱ्या प्रकारात मात्र मुख्य भूमिकेला दोन्ही लागतं. म्हणून हे आधी विचारायचं.

घरी याच टप्प्यावर बोला. नाव यादीत लागल्यावर बोलू, असं करू नका. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे कुठे कापूस वेचणी, कुठे धानाची चुरणी, घरात एकेक हात मोलाचा. त्यात शेवटची एसटी सुटली की परतीचा प्रश्न. ज्या मुली मानव विकासच्या निळ्या बसने येतात, त्यांची वेळ ठरलेली असते. हे सगळं आधी मॅडमना सांगितलं तर तालमीची वेळ त्याप्रमाणे लावता येते. निवड झाल्यावर आठ दिवसांनी मूल यायचं बंद झालं, तर पूर्ण नाटक अडतं आणि ज्या मुलाला ती भूमिका मिळाली असती त्याचंही नुकसान होतं.

गाणं कोणतं घ्यायचं

इथे सगळ्यात जास्त मुलं फसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

मुलं सहसा मोबाइलवर गाजत असलेलं सिनेमाचं गाणं निवडतात. त्यात अडचणी तीन. ते गाणं मोठ्या माणसाच्या पट्टीत, म्हणजे त्याच्या गळ्याला सोयीच्या सुरावर असतं, त्यामुळे अर्धं वर ओढावं लागतं नाहीतर खाली बुडतं. त्यात वाजवण्याचे मोठे तुकडे असतात आणि तेवढा वेळ तुम्ही नुसते उभे राहता. तिसरी अडचण मोठी : तुम्ही नकळत त्या गायकाची नक्कल करता. ऐकणाऱ्याला तुमचा आवाज कळतच नाही. कराओके ट्रॅक लावून गायचं असेल तर आणखी जपून, कारण ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. एक ओळ चुकली की तो पुढे निघून जातो. सरांनीच ट्रॅक आणा म्हटलं असेल तरच तो न्या.

मग काय घ्यायचं? भुलाबाईचं गाणं घ्या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात घरोघरी भुलाबाई बसते, मुली टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, शेवटी खिरापत ओळखायची असते. ही गाणी नीट ऐकलीत तर ध्यानात येईल की त्यांतली कितीतरी गाणी म्हणजे बोलाचाली आहे. सून माहेरी जायला मागते, सासू कारण काढते, नणंद मधेच बोलते. एकाच गाण्यात दोन-तीन पात्रं! चाल सोपी, सूर फार वर जात नाही, शब्द पाठ. निवडीसाठी याहून चांगलं गाणं मला तरी माहीत नाही. सून बोलते तेव्हा आवाज वेगळा, सासू बोलते तेव्हा उभं राहणंच वेगळं, एवढं करून दाखवलंत तर तुम्हाला संगीत नाटक म्हणजे काय ते कळलंय, हे ऐकणाऱ्याला समजतं. मुलांनीही ही गाणी म्हणायला हरकत नाही. घरात बहिणींसोबत ऐकून बहुतेकांना येतातच.

दुसरा चांगला साठा भजनांचा आणि भारुडांचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं आपल्या गावागावांत म्हटली जातात. ठेका ठसठशीत, शब्द सरळ समोरच्याला उद्देशून. भारुडात तर सोंगच असतं. भजनात एक सवय मात्र सोडावी लागते. मंडळात बसून म्हणताना आपण टाळांच्या गजरात सगळ्यांसोबत गातो, डोळे मिटलेले असतात, शब्द आपोआप येतात. निवडीत एकट्याने, डोळे उघडे ठेवून, प्रत्येक शब्द समोरच्याला देत म्हणायचं आहे. गाडगेबाबा कीर्तनात समोर बसलेल्या लोकांना प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, आणि कीर्तन पुढे सरकत असे. ते डोळ्यांसमोर आणा. समोर कुणीतरी आहे आणि त्याच्याकडून उत्तर हवं आहे, असं गा.

आश्रमशाळेतल्या मुलांनो, तुमच्याकडे गोंडी रेला गाणी असतील, कोरकू गाणी असतील. ती म्हणायला चालेल का, एवढं सरांना आधी विचारा. बहुतेक वेळा चालतं. म्हणण्याआधी दोन वाक्यांत मराठीत अर्थ सांगा : कोण, कुणाला, कधी म्हणतं.

गाणं लांब नको. ध्रुपद (परत परत येणारी ओळ) आणि एक कडवं पुरे, मिनिट-दीड मिनिट. जमल्यास दुसरं एक गाणं हाताशी ठेवा, पहिलं संथ असेल तर हे चपळ. आणि वयाला शोभेल असंच घ्या. सहावीतल्या मुलीने ठसक्याची लावणी म्हटली की घरचे टाळ्या वाजवतात, पण तिला भूमिका कोणती द्यावी ते आम्हाला त्यातून कळत नाही.

आपली पट्टी शोधा

गावातल्या देवळात किंवा भजनी मंडळात पेटी असते. जे काका पेटी वाजवतात त्यांच्याकडे एक संध्याकाळ जा. त्यांना सांगा, मला या गाण्यासाठी माझी पट्टी काढून द्या. ते आनंदाने देतात.

पेटीवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांत दिसतात. दोनच्या गटातली पहिली काळी एक, दुसरी काळी दोन. तीनच्या गटातल्या काळी तीन, चार आणि पाच. आवाज न फुटलेल्या मुलामुलींना पुष्कळदा काळी चारच्या आसपास बरं वाटतं, पण प्रत्येकाचा गळा निराळा आणि गाणंही निराळं. म्हणून पारख अशी करा. गाण्यातली सगळ्यात उंच ओळ कोणती ते ठरवा. ती नेहमीच्या मोकळ्या आवाजात लागोपाठ तीनदा म्हणा. हनुवटी वर जात असेल, मानेच्या शिरा ताणत असतील, तिसऱ्या वेळी आवाज बारीक होत असेल, तर पट्टी वर आहे. एक पट्टी खाली उतरा. मग सगळ्यात खालची ओळ म्हणा. तिथे शब्द ऐकूच येत नसतील तर फार खाली आलात. दोन्ही ओळी आरामात निघतील ती तुमची पट्टी. ती वहीवर लिहून ठेवा. निवडीच्या दिवशी “सर, काळी चार द्या,” असं म्हणता आलं की अर्धी भीती तिथेच जाते.

पेटी मिळत नसेल तर मोबाइलवर तानपुऱ्याचं मोफत ॲप चालतं. तेही नसेल तर गाणं सुरू करण्याआधी ती उंच ओळ मनात गुणगुणून बघा आणि त्या हिशेबाने पहिला सूर पकडा. नाहीतर घाईघाईत कुठूनही सुरुवात होते आणि कडव्यात गळा अडकतो.

सातवी-आठवी-नववीच्या मुलांसाठी एक महत्त्वाचं. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली येतो. या काळात तो मधेच चिरकतो, घसरतो. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही आणि गाणं सोडण्याचंही कारण नाही. फक्त मागच्या वर्षीच्या पट्टीचा हट्ट सोडा. खालची पट्टी घ्या, आवाका लहान असलेलं गाणं घ्या, जोर लावून वरचे सूर काढू नका. निवडीत सरळ सांगा, “सर, आवाज फुटतोय.” म्हातारा, पाटील, राक्षस, सूत्रधार, अशा भूमिकांना असा आवाज शोभतोच. मुलींचाही आवाज या वयात थोडा बदलतो, पण फरक लहान असतो. कधी सुरात हवा मिसळल्यासारखी वाटते. ती हळूहळू जाते.

दोन आठवड्यांचा सराव

पहिले दोन-तीन दिवस गाऊच नका. गाण्याचे शब्द वहीत हाताने लिहा आणि नुसते बोला. कुणीतरी समोर बसवा, धाकटा भाऊ, मैत्रीण, आजी, आणि त्या ओळी त्यांना सांगितल्यासारख्या म्हणा. माहेरी जायची परवानगी मागायची असेल तर खरंच मागा. समोरच्याने नाही म्हणावं, मग पुढची ओळ. असं बोलून बोलून शब्दांना अर्थ चढला की मगच चाल लावा. माझ्या मते या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी. संगीत नाटकात बोलणं जिथे अपुरं पडतं तिथून गाणं सुरू होतं. ज्याला ओळ बोलता येत नाही त्याला ती गाताही येत नाही, निदान रंगमंचावर तरी.

मग श्वास. सतरंजीवर उताणं पडा, पोटावर हात ठेवा, नाकाने श्वास घ्या. हात वर उचलला जायला हवा, छाती-खांदे नाहीत. हाच श्वास उभं राहून घ्यायचा. तोंडाने बारीक “स्स्स” असा आवाज सोडत मनात आकडे मोजा आणि रोज थोडे वाढवा. मग वहीतल्या ओळींवर पेन्सिलीने खुणा करा, श्वास कुठे घ्यायचा. शब्दाच्या मधोमध कधीच नाही.

ताल हाताने धरा. बहुतेक भजनं आणि लोकगीतं आठ मात्रांच्या केरव्यात किंवा सहा मात्रांच्या दादऱ्यात बसतात. टाळी देत गा, मग चालत गा, पाऊल आणि मात्रा जुळवून. पोरं घाबरली की पळतात आणि गाणं पुढे पुढे धावतं. चालत केलेला सराव त्याला लगाम घालतो.

सरावाची जागा बदलत राहा. वावरात, बांधावर मोकळं गायला छान वाटतं, पण उघड्यावर आपला आवाज आपल्याला कमी ऐकू येतो आणि नकळत ओरडलं जातं. म्हणून रोज थोडा वेळ खोलीत भिंतीकडे तोंड करून गा. आवाज परत येतो, चूक कळते. घरात टीव्ही चालू, बाळ रडतंय, दारात कोंबड्या, तरी एकदा सलग म्हणून पाहा. शाळेत निवडीच्या वेळी शेजारच्या वर्गात गलका असणारच आहे. दोन-तीन दिवसांनी एकदा मोबाइलवर आवाज टिपून ऐका. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना सगळ्यांनाच विचित्र वाटतो. सूर सोडून द्या, फक्त बघा : शब्द कळतात का?

सरावाचा वेळ वीस मिनिटं पुरे, सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा. घसा दुखेपर्यंत गायचं नाही. दुखला तर त्या दिवशी बंद. पाणी भरपूर प्या. घसा खाकरून साफ करायची सवय वाईट, त्याने स्वरतंतू एकमेकांवर घासतात. त्याऐवजी घोटभर पाणी गिळा. घसा बसलाय म्हणून कुजबुजत बोलणंही बरं नाही, त्याचाही ताण पडतो. कमी बोला, पण बोलाल ते साध्या आवाजात.

आणि संधी मिळाली तर नाटक बघा. दिवाळीपासून होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत झाडीपट्टीचा हंगाम असतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाट्यमंडळ्या गावोगावी जातात, शंकरपट (बैलांची शर्यत) असेल तिथे नाटक हमखास. २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली. नाटक बघताना फक्त एक गोष्ट टिपा. नट बोलता बोलता गाण्यात शिरतो, तो क्षण. गाण्याच्या आधीचं शेवटचं वाक्य तो कसं म्हणतो, कुणाकडे बघतो, पेटीवाला कधी सूर धरतो. घरी येऊन तेवढंच करून पाहा. एक वाक्य स्वतःचं, आणि त्यातून आपलं गाणं.

संवाद आणि आपली बोली

मुलं विचारतात, आमचं बोलणं गावाकडचं आहे, चालेल का? वऱ्हाडीत शाळेची शाया होते, झाडीबोलीत डोळ्याचा डोरा होतो, पाण्याचं पानी सगळीकडेच. नाटकातलं पात्र गावातलं असेल तर ही बोली तुमचं धन आहे. शहरातल्या मुलाला ती वर्षभर शिकवली तरी तशी येत नाही. पात्र राजा असेल, न्यायाधीश असेल, लिहिलेली भाषा पुस्तकी असेल, तर ण आणि ळ म्हणावे लागतात. त्यासाठी रोज पाच मिनिटं काढा. जीभ टाळूकडे वळवून “बाळ, माळ, पाणी, कोण, सगळे, वेळ” असे शब्द हळू म्हणा, मग वाक्यात घाला. शब्द सरळ करताना स्वर कोरडा होऊ देऊ नका. निवडीत विचारलं नाव, वर्ग, गाव, तर ते आपल्या रोजच्या बोलीतच सांगा. तिथे बनाव केला की पुढचं सगळं ताठ होतं.

पुष्कळ ठिकाणी आयत्या वेळी एक पान हाती देतात आणि वाचा म्हणतात. समजा त्यावर असं आहे :

पाटील : कोण आहे तिकडे? एवढ्या रात्री?
गंगी : मी आहो, काका. माही बकरी हरवली.
पाटील : एका बकरीसाठी गाव जागं करतेस?
गंगी : साधी बकरी नाही ते. तिच्या दुधावर माहा भाऊ जगते.

वाचायला सुरुवात करण्याआधी अर्धं मिनिट मागून घ्या. देतात. त्या वेळात तीन गोष्टी शोधा. गंगी कुणाशी बोलते? गावातल्या मानाच्या माणसाशी, म्हणजे आवाजात आदर आणि थोडी भीती. तिला काय हवंय? त्याने रागावू नये आणि शोधायला मदत करावी. ती कुठे बदलते? शेवटच्या बोलण्यात. आधी ती घाबरलेली आहे, तिथे तिला लागलंय. बहुतेक मुलं त्या वाक्यावर ओरडतात. ओरडू नका. आधी क्षणभर थांबा, पाटलाकडे बघा, आणि हळू म्हणा. पाटलाची वाक्यं दुसरं कुणी वाचत असेल तेव्हा कागदात डोकं घालून बसू नका, त्याचं ऐका. ऐकणारं पात्र दिसलं की टेबलामागचे सगळे मान वर करतात. शब्द अडला तर परत मागे जाऊ नका, पुढे चला. वाचनाची परीक्षा वेगळी असते, ही ती नव्हे.

नाचाची पावलं शिकवली तर पहिल्या वेळी फक्त पाय बघा, दुसऱ्या वेळी हात, चेहरा नंतर. ज्यांनी दंडार केली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही.

निवडीचा दिवस

सकाळी नेहमीचं जेवण, भाकर-भाजी, वरण-भात, जे घरी असेल ते. उपाशी जाऊ नका. मधल्या सुट्टीत आलूबोंडा, चिवडा, कुरकुरे नको, घशाला तेल आणि तिखट लागतं. थंडीच्या सकाळी घसा बंद असतो, म्हणून कोमट पाणी प्या आणि शाळेच्या वाटेवर ओठ मिटून गुणगुणत जा. कपडे शाळेचेच, स्वच्छ. नवा चमकीचा ड्रेस घालून आलात म्हणून भूमिका मिळत नाही.

बाहेर रांगेत थांबाल तेव्हा दुसऱ्याचं गाणं ऐकून हसू नका आणि आपलं गाणं ऐनवेळी बदलू नका. आधीच्या मुलीने तेच गाणं म्हटलं तरी तुमचं तुम्ही म्हणा. आत गेल्यावर क्रम साधारण असा असतो :

१. दारातून आत या, खोलीच्या मधोमध, खुणेवर उभे राहा. दोन्ही पायांवर सारखा भार.

२. नाव, वर्ग, गाव आणि गाणं सांगा. एका दमात नको, नावानंतर थांबा.

३. पट्टी मागा. सूर ऐका, तोंडातल्या तोंडात सा लावून बघा. घाई कुणालाच नाही.

४. एक श्वास. कुणाला सांगताय ते ठरवा. नजर शिक्षकांच्या डोक्याच्या थोडी वर, मागच्या भिंतीवर एक जागा धरून ठेवा, ते पात्र तिथे उभं आहे असं समजा. थेट सरांच्या डोळ्यांत बघून गायचं कारण नाही, त्यांना लिहायचं असतं.

५. गा. ओळ विसरलात तर ठेका हाताने धरून ध्रुपदावर परत या. माफी मागू नका, जीभ चावू नका, डोक्याला हात लावू नका. पूर्णच थांबलात तर “परत म्हणू का?” एवढं विचारा.

६. संपल्यावर लगेच पळू नका. शेवटच्या सुरानंतर श्वास घ्या, मग नमस्कार.

हात थरथरतात, गुडघे हलतात. सगळ्यांचे हलतात. आत जाण्याआधी मुठी घट्ट आवळून सोडा, चार-पाच वेळा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. थरथर पूर्ण जाणार नाही आणि ती गेली नाही तरी गाता येतं.

आता सगळ्यात मोलाचा क्षण. गाणं झाल्यावर मॅडम म्हणतील, “छान. आता हेच रडत रडत म्हण,” किंवा “आजी म्हणतेय असं म्हण.” मुलांना वाटतं आपलं चुकलं. तसं नसतं. ज्याच्यात काही दिसतं त्यालाच सहसा असं सांगतात. आम्हाला बघायचं असतं की सांगितलेलं ऐकून मूल बदलू शकतं का, कारण पुढचा महिना हेच चालणार आहे. तेव्हा “मला नाही येत” म्हणू नका. थोडं वेडंवाकडं झालं तरी मोठा बदल करून दाखवा. पाठ केलेलं जसंच्या तसं पुन्हा म्हणणाऱ्या गोड गळ्यापेक्षा, बदलून पाहणारा साधा गळा मी आधी घेते.

यादी लागल्यावर

कोरसमध्ये, म्हणजे एकत्र गाणाऱ्यांच्या गटात, नाव आलं तर तोंड पाडू नका. शाळेच्या नाटकात कोरस सगळ्यात जास्त वेळ रंगमंचावर असतो, सगळी गाणी त्यालाच येतात, आणि कुणी आजारी पडलं की भूमिका तिथूनच भरतात. नाव नाहीच आलं तर दोन दिवस जाऊ द्या, मग मॅडमना एकच विचारा : “मी पुढच्या वेळी काय सुधारू?” आणि पडदा, नेपथ्य, कपडे, खंजिरी-टाळ यांपैकी कशाला तरी हात लावायला मिळेल का, तेही. तालमीला बसून ऐकणारं मूल वर्षभरात पुष्कळ शिकतं.

आईबाबांनो, निवडीच्या आदल्या रात्री गाणं बदलायला लावू नका. पाहुण्यांसमोर “म्हणून दाखव” असं दहा वेळा करू नका. शेजारच्या मुलाशी तुलना तर मुळीच नको. मुलगी स्टेजवर जाणार म्हणून कुणी नाक मुरडलं, तर तिच्या वतीने तुम्ही बोला, तिला बोलावं लागू नये. आणि तालीम उशिरा संपणार असेल तर आणायला कोण जाणार, ते पहिल्याच दिवशी ठरवा. शाळेचं नाटक चांगलं झालं तर सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य बालनाट्य स्पर्धेचा रस्ताही मोकळा असतो, सरांकडे त्याची विचारणा पालकांनीही करावी.

निवड झालेल्यांनी पहिल्या तालमीला दोनशे पानी वही आणि पेन्सिल न्यावी. झेरॉक्स मिळाली तरी आपली वाक्यं हाताने उतरवून काढा, आणि प्रत्येक वाक्याच्या वर दुसऱ्या पात्राचे शेवटचे चार शब्द लाल शाईने लिहा, कारण आपली पाळी त्यावरून कळते. गाणी आपली नसली तरी सगळी लिहून घ्या. पट्टी कोपऱ्यात. कुठून आत यायचं, कुठून बाहेर जायचं, ते पेन्सिलीने लिहा, कारण ते पुढच्या तालमीत बदलेल. माइक मिळाला की तोंडापासून वीतभर लांब धरा आणि त्याच्यावर फुंकर मारून बघू नका, “एक, दोन, तीन” म्हणून बघा.